बंद झालेले जुने बांधणी-संच : शोध, पारख आणि खरेदी

जुनाखोका
नमस्कार मंडळी. माझ्या मामाचा मेकॅनोचा (भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायचा खेळ) लाल-हिरवा संच माझ्याकडे आला त्याला आता तीन वर्षं होतील. झाकणावर ५ हा आकडा, आत निम्मेअधिक भाग गायब, पुस्तिका नाही. तळाशी सायकलच्या तारेचा तुकडा, दोऱ्याचं एक लाकडी रीळ आणि कुठल्या तरी कुलपाची किल्ली. लहानपणी सुट्टीत मामा या संचातून क्रेन करून द्यायचा. हूक वर जाताना जो बारीक करकर आवाज यायचा तो मला अजून ऐकू येतो. संच पूर्ण करायचा आणि तीच क्रेन पुन्हा उभी करायची, एवढंच मनात आहे.

सुरुवातीलाच मोठी चूक केली. ऑनलाइन लिलावात 'पाच नंबर, पूर्ण संच' असं लिहिलेलं दिसलं आणि मी बोली लावून मोकळा झालो. फोटो एकच होता, झाकण उघडलेल्या खोक्याचा. हातात आलं ते तीन-चार वेगवेगळ्या काळांतलं सामान. काही पट्ट्या गडद हिरव्या, काही फिक्या, काही पांढऱ्या जस्ताच्या मुलाम्याच्या, तर काही पत्रे पिवळे. बोल्ट तीन प्रकारचे, त्यातले निम्मे माझ्या नटांत दोन आटे जाऊन अडकणारे. विक्रेत्याला कळवलं तर तो म्हणाला, भाग मोजून बघा, यादीइतके आहेत. खरंच होते. मी 'पूर्ण' या शब्दाचा अर्थच विचारला नव्हता.

त्यानंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की या संचांमध्ये आधी काळ ओळखायचा आणि मगच पैसे काढायचे. मेकॅनोपुरतं मला कळलेलं लिहितो. फ्रँक हॉर्नबी यांनी लिव्हरपूलमध्ये १९०१ साली पेटंट घेतलं, मेकॅनो हे नाव १९०७ चं. रंग येण्याआधी भाग निकेल मुलाम्याचे असत. १९२६ पासून रंग आले, लाल आणि हिरवा. १९३४ मध्ये निळा-सोनेरी. युद्धानंतर परत लाल-हिरवा, तो १९५८ च्या सुमारास फिका झाला. १९६४ ला पिवळा, काळा आणि चंदेरी; १९७० ला पिवळा, निळा आणि जस्ती. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. म्हणजे नुसत्या रंगावरून निदान काळाचा अंदाज तरी येतो. मामाचा संच १९४५ ते १९५८ मधला, हे मला त्या फसलेल्या खरेदीनंतर कळलं.

इथे मेकॅनो, लेगो, मर्कुर, फिशरटेक्निक असं काहीही जुनं शोधणारे असतील त्यांनी आपले अनुभव लिहावेत. काय विचारायचं, कुठे शोधायचं, काय टाळायचं, सगळं.

पितळीचाक
चांगला धागा. आधी एक विनंती : मूळ खोक्यातून निघालेली एकही वस्तू टाकू नका. किल्ली, तार, रीळ, काहीही. संच वापरणाऱ्याने ते कशासाठी तरी ठेवलेलं असतं.

आता आकड्यांबद्दल. झाकणावरचा नंबर काळ कळल्याशिवाय काहीच सांगत नाही. १९३७ मध्ये मेकॅनोच्या संचांची नवी क्रमवारी लागली, ० ते १०. त्याआधी काही वर्षं मोठ्या संचांना अक्षरं होती आणि त्याच्याही आधी सर्वांत मोठा संच ७ नंबरचा होता. त्यामुळे कोणी 'सात नंबर' म्हणून विकत असेल तर कुठल्या क्रमवारीतला सात, हा पहिला प्रश्न.

पूरक संचांकडे लोकांचं लक्ष जात नाही. ४ए हा संच घेतला की चार नंबरचा पाच नंबर व्हायचा. अशी 'ए' लावलेली खोकी आजही पडून असतात, कारण घेणाऱ्यांना ती अर्धवट वाटतात. तुम्हाला जे भाग कमी आहेत त्यांतले बरेचसे त्यातच मिळतील, आणि एकाच काळातले मिळतील.

तुमचे बोल्ट का अडकले तेही सांगतो. जुन्या मेकॅनोचे आटे ५/३२ इंची व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप). नंतरच्या काळात एम४ (४ मिलिमीटरचे मेट्रिक) आले. दिसायला सारखे, व्यासही जवळजवळ तोच, पण आट्यांचं अंतर वेगळं. जोर लावून पुढे फिरवला की पितळी बॉसमधले आटे कायमचे जातात. बॉस म्हणजे चाकाच्या मधला तो फुगीर भाग, ज्यात दांडा घट्ट करायचा स्क्रू बसतो. मेर्क्लिन या जर्मन कंपनीचे भागही असेच फसवतात : भोकांचं अंतर मेकॅनोसारखंच अर्धा इंच, आटे मात्र एम४. मर्कुरचं उलट, भोकांचं अंतरच १० मिलिमीटर आणि बोल्ट ३.५ चे. पट्टी शेजारी ठेवली की दोन-तीन भोकांनंतर फरक दिसतो.

म्हणून फोटो मागताना असं मागा : सगळे भाग पांढऱ्या कागदावर पसरलेले, शेजारी मोजपट्टी, आणि ११ भोकी पट्ट्या एकावर एक ठेवून बाजूने काढलेला एक फोटो. वाकलेली पट्टी त्या गठ्ठ्यात लगेच उघडी पडते. एकेका पट्टीच्या फोटोत ती कधीच कळत नाही.

ठोकळेवाली
मी गेली कित्येक वर्षं जुने लेगो गोळा करते. धातूच्या संचांमधलं फार कळत नाही, पण 'पूर्ण' या शब्दाचं दुखणं आमच्याकडेही तेच.

लेगोत एक सोय आहे. प्रत्येक संचाला क्रमांक, आणि ब्रिकलिंक, रीब्रिकेबल अशा संकेतस्थळांवर त्या क्रमांकाची भागवार यादी रंगासकट मिळते. ब्रिकलिंकवर गेल्या सहा महिन्यांत तो संच प्रत्यक्षात कितीला विकला गेला तेही दिसतं. विक्रेता मागतो तो आकडा आणि कोणीतरी खरोखर दिलेला आकडा यांत खूप अंतर असतं. मी मागणीकडे बघतच नाही, झालेल्या विक्रीकडेच बघते.

क्रमांकातही एक खाच आहे. जुना संच वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळ्या क्रमांकाने विकला गेला. १९७९ चं गॅलक्सी एक्सप्लोरर हे प्रसिद्ध अवकाशयान अमेरिकेत ४९७ आणि युरोपात ९२८. पिवळा किल्ला १९७८ मध्ये युरोपात ३७५ म्हणून आला, अमेरिकेत नंतर ६०७५ म्हणून. एकच क्रमांक टाकून शोधलं तर निम्मे विक्रेते दिसतच नाहीत.

आणि करडा रंग! यावर मी स्वतंत्र धागा लिहू शकते. २००४ च्या सुमारास लेगोने फिका करडा, गडद करडा आणि तपकिरी हे तिन्ही रंग बदलले. नव्या करड्यात निळसर झाक आहे. १९८० च्या दशकातल्या किल्ल्याच्या चार करड्या विटा हरवल्या असतील आणि विक्रेत्याने त्या नव्या करड्याने भरल्या असतील तर पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत काहीही कळत नाही. घरी खिडकीपाशी नेलं की त्या चार विटा डोळ्यांत खुपतात. म्हणून मी नेहमी दिवसाउजेडी काढलेला फोटो मागते आणि थेट विचारते, 'करडे भाग सगळे जुन्या करड्यातले आहेत का?' ज्याला प्रश्नच कळत नाही त्याच्याकडून मी संच पूर्ण समजून घेत नाही. सुटे भाग समजून, त्या भावाने घेते.

त्याहून जुनं काही घेणार असाल तर : १९६३ च्या आधीच्या विटा सेल्युलोज ॲसिटेटच्या, नंतरच्या एबीएस या टणक प्लॅस्टिकच्या. ॲसिटेटच्या विटा काळाने वाकतात, एकमेकींवर नीट बसत नाहीत. मांडून ठेवायला छान, खेळायला नाहीत. आणि १९५८ च्या आधीच्या विटा आतून पोकळ, त्यांत नळ्याच नाहीत.

नवखा२
माहितीबद्दल सगळ्यांचे आभार. मला एक वेगळा प्रश्न आहे. भाच्याला सहावं वर्ष लागलंय, त्याला मी लहानपणी खेळलो तसले जुने ठोकळे द्यायचे आहेत. चालेल का? की पॅकबंद खोकंच शोधावं?

ठोकळेवाली
@नवखा२, पॅकबंद नका घेऊ. तुम्ही बंद खोक्याचे जास्तीचे पैसे देणार आणि भाचा ते पहिल्या मिनिटाला फाडणार. बंद खोक्यात सगळं ठीकच असतं असंही नाही. स्टिकरचा गोंद वाळलेला असतो, रबरी पट्टे तुटतात, आणि १९९० च्या दशकातल्या ९ व्होल्टच्या मोटरींच्या वायरींचं आवरण हात लावला की भुगा होऊन पडतं. ते खोक्यातच होतं, कोणी वापरलेलं नसतं.

सुरक्षेचं म्हणाल तर १९७० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांत कॅडमियमचे रंग वापरले जात. लेगोही त्याला अपवाद नव्हतं. तोंडात घालायच्या वयाच्या मुलाला ते देऊच नये. सहा वर्षांच्याला मी १९९० च्या पुढचे सुटे ठोकळे किलोवर घेऊन देईन.

पितळीचाक
धातूच्या संचांबद्दलही तेच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, पापुद्रे निघत असतील तर लहान मुलाच्या हाती देऊ नका. आणि मोटर! काही फार जुन्या मोटरी थेट घरच्या विजेवर चालायच्या, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. वायरीवरचं कापड कुजलेलं असतं. चालते का बघू म्हणून प्लगमध्ये घालू नका, अजिबात. चावीवर चालणारी असेल तर हरकत नाही, फक्त स्प्रिंग तुटलेली नाही ना ते विचारून घ्या.

वाळूचा_दगड
लोखंड आणि प्लॅस्टिक दोन्ही झालं, आता दगडाबद्दल लिहितो. अँकरचे ठोकळे कोणी पाहिलेत का? जर्मनीतल्या रुडोलश्टाट गावी रिश्टर यांच्या कारखान्यात १८८० च्या दशकापासून बनायचे. क्वार्ट्झची वाळू, खडू आणि जवसाचं तेल यांचं मिश्रण साच्यात दाबून. विटेचा लाल, चुनखडीचा पिवळा आणि पाटीच्या दगडाचा निळा असे तीनच रंग. हातात घेतला की थंड लागतो आणि एकावर एक ठेवला की जागचा हलत नाही, कारण पृष्ठभाग किंचित खरखरीत. काहीही खटका, बटण, स्क्रू नाही. नुसत्या वजनावर पूल उभा राहतो. १९६३ मध्ये उत्पादन थांबलं आणि १९९५ मध्ये तिथेच पुन्हा सुरू झालं.

जुना संच घेताना एकच गोष्ट बघतो : खोक्यात भरणीचा नकाशा आहे का. प्रत्येक खोक्यासोबत कुठला दगड कुठल्या थरात कसा ठेवायचा याचा छापील आराखडा असायचा. विक्रेत्याला सांगायचं, आराखड्याप्रमाणे भरून प्रत्येक थराचा फोटो पाठवा. एक दगड कमी असला तरी खड्डा दिसतो. मोजायची गरजच नाही. या खेळण्याइतकी प्रामाणिक यादी मी दुसऱ्या कुठल्याही संचात पाहिली नाही.

दोन मापं होती, २५ मिलिमीटरवर आधारित मोठं आणि २० वर आधारित लहान. नवशिके दोन्ही मिसळून घेतात आणि मग एकही कमान जुळत नाही. कोपरे उडालेले दगड मात्र मी घेतो. उभ्या कमानीत ते मागच्या बाजूला वळवून बसवता येतात. तेल किंवा साबण लावू नका, कोरड्या ब्रशने झटका.

जुनाखोका
@पितळीचाक, ४ए चं माहीतच नव्हतं. आजच शोधायला बसतो.

साफसफाईचं कोणी लिहील का? त्या फसलेल्या खरेदीतल्या पट्ट्यांवर गंज आहे. कोणीतरी व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवायला सांगितलं.

पितळीचाक
थांबा! जस्ती मुलाम्याचे भाग व्हिनेगरमध्ये घातले तर गंजाबरोबर जस्तही विरघळतं, आणि उघडं लोखंड दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गंजतं. रंगीत पट्टीवर कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण, लगेच पुसून पूर्ण वाळवायचं, मग शिवणयंत्राचं तेल कापडाला लावून हलका हात. निकेलवरचे डाग तसेच राहू द्या. पॉलिश पेपर लावलात तर चकाकी येईल आणि मुलामा जाईल.

एका बाबतीत मात्र व्हिनेगर उपयोगी आहे. बॅटरीच्या खोबणीत अल्कलाइन सेल फुटून पांढरी पूड झाली असेल तर कापसाच्या बोळ्याने थोडंसं लावा, फेस थांबला की ओल्या कापडाने पुसा.

नवीन रंग देण्यावरून लोक भांडतात. माझं मत असं की क्रेन करून चालवायची असेल तर खुशाल रंगवा, पण पुढे विकताना रंगवलंय हे सांगा. रंगवलेली पट्टी मूळ म्हणून विकणाऱ्यांमुळेच आपण सगळे इतके सावध झालोय.

ठोकळेवाली
प्लॅस्टिकच्या बाजूने : पाणी ४० अंशांच्या वर नको. भांडी धुवायच्या यंत्रात घातलेल्या विटा मी पाहिल्यात, सगळ्या केळ्यासारख्या वाकलेल्या.

पांढऱ्या आणि जुन्या करड्या विटा उन्हाने पिवळ्या पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो, हे खरं आहे. पण तो परतही येतो, मी केलेल्या विटांवर दोन-तीन वर्षांत आला. छापील चित्र असलेले भाग आणि पारदर्शक भाग यांना मी हे कधीच करत नाही. पिवळी पडलेली वीट ही म्हातारी वीट आहे, खोटी नाही. एकसारखी पिवळी असेल तर मला ती आवडते.

माणसांचे पुतळे घेताना धडाच्या बाजूला, काखेखाली बघा. तिथे केसासारखी भेग जाते. आणि १९७८ पासूनच्या अवकाशवीरांच्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी हमखास तुटलेली असते, ती जुनी पातळ घडणच तशी. अख्खं शिरस्त्राण दिसलं तर माणूस सोडून फक्त तेवढ्यासाठी घ्यावं, इतकं दुर्मीळ.

संग्राहक_उत्तर
माझं मत थोडं वेगळं आहे, मांडू का? वर पॅकबंद खोक्यांना नाही म्हटलंय. मी पॅकबंदच घेतो. खोक्याची छपाई, आतल्या पिशव्यांची घडी, तेव्हाचा वास, हे सगळं फक्त तिथेच टिकतं. कोणीतरी न उघडता ठेवलं नाही तर मूळ संच कसा दिसत होता हे पुढच्यांना कळणार कसं?

पैसे गुंतवायला म्हणून मात्र कोणी यात पडू नका. कंपनी तोच संच पुन्हा काढू शकते. लेगोचा ताजमहाल २००८ मध्ये १०१८९ क्रमांकाने आला, ५,९२२ भागांचा. बंद झाल्यावर लोकांनी तो दडवून ठेवला. २०१७ मध्ये जवळजवळ तसाच, ५,९२३ भागांचा, १०२५६ म्हणून पुन्हा बाजारात आला. ज्यांना फक्त तो बांधायचा होता त्यांची मात्र सोय झाली.

ठोकळेवाली
@संग्राहक_उत्तर, पुढच्यांसाठी जपायचं म्हणता ते पटतं. मी माझं मत 'खेळायचं असेल तर' एवढ्यापुरतं मर्यादित करते. आणि पुन्हा निघालेल्या संचाचा मुद्दा फार महत्त्वाचा. जुनं काही घेण्याआधी त्याची नवी आवृत्ती आली आहे का हे बघावंच. आठवण बांधण्यात असेल तर नवी घ्या, आठवण त्या विशिष्ट विटांत असेल तर जुनीच लागेल.

वाळूचा_दगड
शोधण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चांगले संच अशा लोकांकडे असतात ज्यांना त्यांचं नाव माहीत नसतं. ते 'मेकॅनो' लिहीत नाहीत, 'नटबोल्टचा खेळ', 'लोखंडी पट्ट्या', 'जुनी खेळणी एकत्र' असं लिहितात. स्पेलिंगही चुकवतात. मी ठरवून चुकीच्या स्पेलिंगने शोधतो. शिवाय ज्या देशातलं खेळणं त्या देशाच्या भाषेत शोधायचं. धातूच्या संचाला जर्मनीत मेटालबाउकास्टेन म्हणतात. हा एक शब्द टाकल्यावर मला जे दिसलं ते इंग्रजीत शोधून कधीच दिसलं नव्हतं.

दगड जड असतात, त्यामुळे संचापेक्षा टपालखर्च जास्त होतो. बोली लावण्याआधी वजन विचारा.

जुनाखोका
चार महिन्यांनी परत येतोय. ४ए मिळाला, त्याच काळातला, पट्ट्या खोक्याच्या पुठ्ठ्याला बांधलेल्या. दोरा नंतर कोणीतरी पुन्हा बांधलेला आहे हे विक्रेत्याने आपणहून सांगितलं. उरलेले भाग मागच्या फसलेल्या खरेदीतून निवडले. तिच्यातल्या गडद लाल-हिरव्या पट्ट्या माझ्याच काळातल्या निघाल्या, बाकीचं सामान वेगळ्या पिशवीत भरून जसं आहे तसं सांगून विकलं. पुस्तिकेची जुनी प्रत मिळाली. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक छपाईचा आकडा आहे, त्यातून महिना आणि वर्ष कळतं. यादीवर टिक करत गेलो. काल शेवटची टिक झाली.

पण क्रेन सापडेना. पुस्तिकेत पाच नंबरच्या क्रेन आहेत, मामाची त्यांतली एकही नाही. पुस्तिकेतली एक करून पाहिली. उत्तम झाली, हूक वर-खाली होतो, आवाज मात्र नाही. अगदी गुळगुळीत. रात्री बराच वेळ हँडल फिरवत बसलो होतो.

पितळीचाक
@जुनाखोका, ते लाकडी रीळ अजून आहे ना?

जुनाखोका
आहे.

मधल्या दांड्यावर पितळी कप्पीच्या जागी ते घातलं. सायकलच्या तारेचा तुकडा वाकवलेलाच होता, तो रिळाच्या कडेच्या खाचेत टेकतो आणि उलटं फिरू देत नाही. मला वाटलं होतं तार नुसती वाकली आहे. किल्ली दोराच्या टोकाला, वजनासाठी. तिच्या कडीला हिरव्या दोऱ्याचा जुना धागा अजून गाठीत अडकलेला आहे, तो मी आज पहिल्यांदा पाहिला.

करकर वाजतं.

पितळीचाक
रिळाचं भोक किती मिलिमीटर आहे? माझ्याकडेही तसं एक पडलंय.

जुनाखोका
साडेसहा. दांडा चारचा. सैलच बसतं, म्हणून वाजतं. फोटो उद्या दिवसाउजेडी काढून टाकतो, पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून.